घड्याळापुढची जागा

रंगनाथरावांना रांग सोसत नसे, आणि रांग मोडून मध्ये घुसणारा माणूस तर मुळीच सोसत नसे. दोन्हींवर त्यांनी एकच उपाय काढला होता: सगळ्यांच्या आधी जाऊन उभं राहायचं. बँकेचं शटर वर जायच्या आधी, नाटकाची घंटा व्हायच्या आधी, आणि एकदा तर एका लग्नात नवरदेवाच्या आधी. त्यात आणखी एक खोड. समोरच्याची चूक दिसली की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. रिक्षावाल्याला रस्ता सांगायचा, डॉक्टरांना गोळीची वेळ सांगायची, पूजा सांगणाऱ्या गुरुजींना तिथी सांगायची. कसबा पेठेतल्या त्यांच्या इमारतीत सेक्रेटरीने लिफ्टपाशी पाटी लावली, तर त्या पाटीतलं शुद्धलेखन सुधारणारी दुसरी पाटी दुसऱ्या दिवशी तिच्याखाली लागली. "सांगायचं आपलं काम," असं ते म्हणत. ऐकणाऱ्याचं काम काय, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

तोंडाशी आलेला सल्ला या माणसाला गिळता येत नसे. याच खोडीने शेवटी त्यांचा घात केला.

आता आनंदीचं सांगायला हवं. आनंदी म्हणजे त्यांची बायको, बुधवार पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कसलं, एका जिन्याखालची फळी, वर पिवळा दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. वडील आयुष्यात एकदा लांबच्या प्रवासाला गेले होते. कुणाच्या तरी लग्नाला हैदराबादला गेले आणि तिथल्या मोठ्या म्युझियममधलं घड्याळ बघून आले. परत आल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. त्या घड्याळात म्हणे एक एवढासा दाढीवाला माणूस राहतो. तास भरत आला की दार उघडून बाहेर येतो, वाजले असतील तेवढे टोल देतो, मग लोकांकडे वळतो, हात जोडून नमस्कार करतो आणि आत जातो. जायचं तर बाराला जावं, म्हणजे बिचारा जास्त वेळ बाहेर असतो. वडील हे नुसतं सांगत नसत. कपाटाआड लपून दार किलकिलं करत, पळीने ताटलीवर बारा टोल देत, आणि मग छोट्या आनंदीपुढे वाकून नमस्कार करत. ती हसून लोळायची. "तुला दाखवायला नेईन," असं ते दर वेळी म्हणायचे. नेणं काही झालं नाही. ती मॅट्रिकला असताना ते गेले.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने हे रंगनाथरावांना सांगितलं, सारसबागेत भेळ खाताना. ते म्हणाले, "मी दाखवीन. आपण दोघं बरोबरच बघू. तोवर मीही बघणार नाही." नव्या नवऱ्याने म्हणायचं ते म्हणाले, पण आनंदीने ते शब्द जपून ठेवले. पुढे मुलगी झाली, शाळा होती, दिरांची लग्नं होती, शेवटी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दर उन्हाळ्यात विषय निघे आणि दर उन्हाळ्यात रंगनाथराव म्हणत, "जाऊ की. ते घड्याळ कुठे पळून जातंय?"

घड्याळाची गोष्ट मात्र घरात चालू राहिली. दिवाळीत, गणपतीत, सगळे जमले की कुणीतरी म्हणायचंच, "सांग ना ते घड्याळाचं." आनंदी सांगायची, पळी-ताटलीसकट. तिची मुलगी स्पृहा शेवटी हात जोडून विचारायची, "आणि मग असा नमस्कार करतो ना, आई?" सगळे हसायचे. आणि एरवी प्रत्येक वाक्याला टोकणारे रंगनाथराव या एका गोष्टीत कधी टोकत नसत. खाली बघून गप्प बसत. आनंदीला ते फार आवडायचं. माझ्या वडिलांचा मान ठेवतात, असं ती मनात म्हणायची.

सासूबाई गेल्या, स्पृहाचं लग्न होऊन ती बाणेरला राहायला गेली, आणि या वर्षी एका रविवारी तिनेच लॅपटॉप उघडून फर्मान काढलं. "आता कारणं नकोत. तुम्हा दोघांची हैदराबादची तिकिटं मी काढली आहेत. म्युझियमचं आज करून टाकू."

"म्युझियमचं करायचं काय असतं? जायचं आणि बघायचं," रंगनाथराव म्हणाले.

"बाबा, सुट्टीच्या दिवसांत तिकिटाला हीऽ रांग असते. हे बघा, ऑनलाइन गाईडेड टूर घेतली की वेगळ्या दाराने थेट आत. बरोबर मराठी बोलणारी गाईड."

"गाईड म्हणजे पाटी मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. आपल्याला वाचता येतं."

"मला हवी आहे गाईड," आनंदी म्हणाली. "एकदाच जायचंय. नीट बघायचंय."

असं ती ठासून क्वचितच बोलायची, त्यामुळे गाईड ठरली. आता वेळ. एक टूर दहाची होती, एक अकराची. अकराची स्वस्त होती, शिवाय घड्याळाशी पोचेपर्यंत बरोबर बारा होतील असं त्यावर लिहिलं होतं. स्पृहा म्हणाली, "अकराची घेते मग."

"छे, छे. अकराची मुळीच नको," रंगनाथराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "घड्याळापुढची बाकं बाराच्या बरीच आधी भरतात. उशिरा गेलं तर मागे उभं राहावं लागतं, पुढच्याने पोराला खांद्यावर घेतलं की संपलं. नुसते टोल ऐकू येतात, तो दाढीवाला दिसत नाही. दहाची घे, म्हणजे आधी जाऊन डावीकडचं बाक धरता येईल."

बोलून झालं आणि स्पृहाचे लॅपटॉपवरचे हात थांबले. पेपरही हलेना.

आनंदी काही विचारणार, तेवढ्यात स्पृहाच घाईने म्हणाली, "बाबा हल्ली यूट्यूबवर सारखे व्हिडिओ बघतात ना, त्यात असेल."

"हं. व्हिडिओत होतं," रंगनाथराव म्हणाले.

आनंदीला हसू आलं. हा माणूस फोनवर व्हिडिओ लावायचा तर आवाज बंद कसा करायचा हे अजून तिलाच विचारतो, आणि आपल्यासाठी गुपचूप त्या घड्याळाचे व्हिडिओ शोधतो! तिला नवऱ्याचं कौतुक वाटलं. दुपारी तिने त्यांच्यासाठी शिरासुद्धा केला. काय सांगावं, माणूस विश्वासावर चालत असला की समोरची भिंतही त्याला दार वाटते. स्पृहाने दहाच्या टूरच्या दोन जागा धरून ठेवल्या. पैसे संध्याकाळपर्यंत भरले नाहीत तर जागा जातील, पण बाबांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख एकदा तपासून मग भरते, असं सांगून ती गेली.

त्याच दुपारी दोघं धायरीला गेली. रंगनाथरावांची धाकटी बहीण शकू तिथे राहते. कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली तिच्याकडे ठेवायची होती. शकूचा नवरा संजय रंगनाथरावांना गच्चीवरची नवीन टाकी दाखवायला घेऊन गेला, म्हणजे आता तासाभराची निश्चिंती होती, कारण टाकी कशी बसवायला हवी होती हे त्याला कळायचं होतं. इकडे स्वयंपाकघरात शकूने चहा टाकला.

"बरं झालं बाई, वहिनी, दादा नेतोय एकदाचा," ती आलं किसताना म्हणाली. "इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसायचं म्हणजे मला किती जड गेलं, माझं मला माहीत. आणि एक सांगू? जाताना खाण्याची पिशवी नेऊ नकोस. आत नेऊ देत नाहीत. मागच्या वेळी तुझे डिंकाचे लाडू आम्ही बाहेर पायरीवर बसून संपवले. स्पृहाने तर हावरटासारखे खाल्ले. आईच्या हातचे म्हणून."

आनंदी कप पुसत होती. तिने कप खाली ठेवला.

"मागच्या वेळी म्हणजे कधी, शकूताई?"

"अगं, आईचं हाड मोडलं त्या वर्षी नाही का..." शकू म्हणाली, आणि तिचा किसणीवरचा हात थांबला. तिने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. "दादाने सांगितलंय ना तुला? तिकिटं काढली म्हणाला, तेव्हा मला वाटलं, सांगूनच काढली असणार. वहिनी? सांगितलं नाही?"

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीच गॅस बंद केला नाही.

सासूबाईंचं हाड मोडलं ते वर्ष आनंदीला लख्ख आठवलं. तिची सगळी रजा त्यातच संपली होती. रंगनाथरावांना बँकेच्या तपासणीसाठी सोलापूरला जायचं होतं. स्पृहाचं कॉलेजचं शिबिर नेमकं त्याच आठवड्यात होतं. शकूला मदतीला बोलावलं तर तिच्या सासरी कुणी आजारी होतं. मग सासूबाईंची कूस बदलायची, येऊन डिंक तळायचा, पुन्हा त्यांची हाक आली की जायचं, असं करत आनंदीने लाडू वळले होते. नवऱ्याला परगावी बाहेरचं सोसत नाही म्हणून. पोरीला शिबिरात उपाशी राहावं लागू नये म्हणून. दोन डबे भरले होते, आणि ते दोन्ही डबे एकाच पायरीवर उघडले गेले.

रंगनाथराव सोलापूरहून परत आले तेव्हा तिच्यासाठी चादर घेऊन आले होते. अस्सल सोलापुरी, लाल-हिरवी. तेव्हापासून ती रोज तीच पांघरून झोपत होती.

"वहिनी, अगं काही वाईट हेतू नव्हता," शकू रडवेली होऊन म्हणाली. "यांच्याकडे तिकिटं होती, ऐनवेळी दोन माणसं गळली..."

"चहा पुन्हा टाकावा लागेल," आनंदी म्हणाली. "हा गेला."

परतीच्या बसमध्ये रंगनाथराव सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीवर बोलत होते. सिग्नल कुठे हवा होता, पूल कुठून काढायला हवा होता. आनंदी खिडकीबाहेर बघत होती. तिला राग आला होता का? आला होता, पण रागाच्या आधी लाज वाटत होती, आणि याचं तिला नवल वाटत होतं. फसवणारे तिघे-चौघे, आणि लाज हिला! दर दिवाळीला आपण पळी घेऊन उभ्या राहायचो, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनी ते घड्याळ पाहिलेलं होतं. न पाहिलेल्या आपण एकट्याच. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी सुटल्यावर कळावं की बाकीचे कधीच खेळत नव्हते, नुसते बघत होते, तसं तिला झालं.

घरी आल्यावर रंगनाथराव शर्ट खुंटीला अडकवत होते, तेव्हा तिने विचारलं, "अहो, सोलापूरला कुठे उतरला होतात?"

"कधी?"

"चादर आणलीत तेव्हा."

खुंटीवरचा शर्ट खाली पडला. त्यांनी तो उचलला, झटकला, पुन्हा अडकवला. मग म्हणाले, "शकूने सांगितलं?"

चोरी उघडकीला आली की चोराला आधी हेच जाणून घ्यायचं असतं, की सांगितलं कुणी.

"चादर कुठली ते विचारतेय मी."

"सोलापूरचीच आहे. परतीला गाडी थांबली होती बराच वेळ. फलाटावर घेतली." मग जरा धीर येऊन ते म्हणाले, "म्हणजे अगदीच खोटं नव्हतं ते. सोलापूर लागतंच वाटेत."

आनंदी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शिस्तीचं, खरेपणाचं तिने चारचौघांत कौतुक केलं, त्याचा खरेपणा सोलापूरच्या फलाटावर गाडी थांबण्याइतका होता.

"तू येऊ शकत नव्हतीस," ते म्हणाले. "आईला कुणाच्या भरवशावर टाकणार होतो? संजयची दोन तिकिटं फुकट चालली होती. स्पृहा मागे लागली. तुला सांगितलं असतं तर तुझा जीव तुटला असता. तुला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी ठरवलं."

"सगळ्यांनी. आईंनीसुद्धा?"

ते पुन्हा खुंटीवरचा शर्ट सारखा करायला लागले. म्हणजे ज्यांच्या उशाशी ती बसून होती त्यांनाही ठाऊक होतं.

"मला सांगितलं असतंत ना," आनंदी म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला, "तर मी रडले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. आणि लाडू तरीही केले असते. दुप्पट केले असते. मला वाईट वाटू नये म्हणून नाही लपवलंत तुम्ही. माझं वाईट वाटणं तुम्हाला बघायला लागू नये म्हणून लपवलंत."

"अगं, पण आता जातोय ना आपण? पुढची जागा मिळेल असं बघितलंय मी मुद्दाम."

ती खुर्चीवर बसली. मग एकदम शांतपणे म्हणाली, "सांगा तर खरं, कसा येतो तो बाहेर?"

रंगनाथरावांना वाटलं, वादळ ओसरलं. ते समोर बसले आणि सांगायला लागले. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे मन लावून सांगू लागले. घड्याळ केवढं आहे, लोक कसे दाटीने बसतात, तास भरत आला की सगळे कसे चिडीचूप होतात, एक बारकासा लोहार सेकंदासेकंदाला हातोडी कशी मारतो. मग दार उघडतं, दाढीवाला बाहेर येतो, टोल देतो. बारा.

"आणि मग नमस्कार करतो," आनंदी म्हणाली.

"छे, नमस्कार-बिमस्कार काही करत नाही. टोल दिले की सरळ आत जातो. ते तुझ्या वडिलांनी पदरचं घातलेलं..."

त्यांनी जीभ चावली.

आनंदीला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. नमस्कार नव्हताच. वडिलांनी तो तिच्यासाठी केला होता, एका लहान मुलीला हसवायला. आणि हे या घरात तिच्याखेरीज प्रत्येकाला माहीत होतं. गुरुजींची तिथी सुधारणारा, लिफ्टची पाटी सुधारणारा हा माणूस, ही एक चूक इतकी वर्षं गिळून खाली बघत बसला होता, आणि तिला वाटत होतं की तो तिच्या वडिलांचा मान आहे. ती चूक काढली असती तर स्वतःची चोरी निघाली असती. आणि स्पृहा. हात जोडून, हसून, "असा नमस्कार करतो ना, आई?" गेल्या दिवाळीतसुद्धा. पोरीने आईला नव्हे, बाकीच्यांना हसवण्यासाठी ते विचारलं होतं, हे आनंदीला आता समजलं, आणि नवऱ्याचं खोटं तिला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्पृहाच होती. शकूआत्याने तिला कळवलेलं दिसत होतं, कारण तिचा आवाज आधीच ओला होता.

"आई, सॉरी. खरंच सॉरी. मी तेव्हा लहान होते गं..."

"गेल्या दिवाळीला लहान नव्हतीस," आनंदी म्हणाली.

पलीकडे स्पृहाने नाक ओढलं.

"ते पैसे भरायचे राहिलेत ना तुझे?" आनंदीने विचारलं.

"हो. दहाच्या टूरच्या दोन जागा धरल्यात. थोडाच वेळ आहे. भरू ना, आई? तू जाणार आहेस ना?"

"मी जाणार आहे. माझं एकटीचं काढ."

"आणि बाबा?"

"बाबांचं बघून झालंय. तुला माहीतच आहे." रंगनाथराव समोरच बसले होते. ती त्यांच्यासमोरच बोलत होती. "आणि टूर नको. गाईड नको. साधं तिकीट काढ, अकराच्या पुढचं, सगळ्यात जास्त गर्दीचं."

"अगं आई, पण त्या वेळी फार लांब रांग असते. पुढची जागा मिळायची नाही. मागे उभं राहिलं की काहीच दिसत नाही, नुसते टोल ऐकू येतात."

"तेच हवंय मला," आनंदी म्हणाली. "नमस्कार न करता आत जाताना मला त्याला बघायचं नाहीये."

तिने फोन ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन पलंगावरची सोलापुरी चादर काढली, नीट चौपदरी घडी घातली आणि आणून रंगनाथरावांच्या मांडीवर ठेवली.